पाखरांच्या नावानं

जालन्यात वर्गणी जमवणं अवघड नाही. बियाण्यांचा व्यापार आहे, सळईचे कारखाने आहेत, मोसंबीच्या आडती आहेत, जुना सराफा आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण इथला माणूस हसत हसत सांगतो, पण सांगितल्याशिवाय राहत नाही. गणपती, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती, उरूस, हरिनाम सप्ताह, कुस्त्यांचा फड, कुणाच्याही पावतीपुस्तकाला तोंडावर नाही म्हणायची इथं रीत नाही. निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळानं भरला, तेव्हा गावानं पैसे काढून मशिनी लावल्या आणि गाळ उपसला. अशा गावात पक्षिमित्र मंडळाचा चिटणीस पावतीपुस्तक घेऊन निघाला, तर त्याला रिकाम्या हातानं कोण परत पाठवील? कुणीच पाठवत नाही. फक्त सदस्य कुणी होत नाही.

संवाद साधारण असा होतो.

"या सर, बसा. चहा सांगतो. किती लिहायले?"

"दोनशे. वार्षिक सदस्यत्व."

"पाचशे एक लिहा."

"अहो, पण सदस्यत्व दोनशेचंच आहे."

"म्हणून तर म्हणायलो, पाचशे एक देणगी लिहा. ते सदस्य-बिदस्य राहू द्या."

दोनशे वाचवण्यासाठी कुणी पाचशे एक देत नसतो. म्हणजे मुद्दा पैशाचा नाही. देणगीचं एक बरं असतं, पावती फाडली की विषय संपतो. सदस्याचा विषय तिथून सुरू होतो. त्याला सभेची नोटीस येते. त्याला पहाटे पाच वाजता मोती तलावाच्या काठावर बोलावलं जातं. त्याचं नाव कार्यकारिणीसाठी सुचवलं जाऊ शकतं, आणि त्या वेळी तो हजर नसेल तर ते एकमतानं मंजूरही होतं. आपल्याकडच्या व्यापाऱ्याला धोका अचूक कळतो. पाचशे एक रुपये ही त्याच्या दृष्टीनं वर्गणी नाही, सुटकेची किंमत आहे.

शिवाय या पैशाचं तुम्ही करणार काय, ही शंका असतेच. दाणे टाकणार? उन्हाळ्यात मातीची भांडी टांगणार? तसं सांगितलं तर माणूस समाधानानं मान डोलावतो. ते पुण्याचं काम झालं. आम्ही पक्षी मोजतो, असं खरं सांगितलं की तो थोडा वेळ गप्प होतो. मग विचारतो, "मोजून?"

या 'मोजून?'ला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या द्यायचं नाही. 1987 पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यात आपल्या तळ्याचेही आकडे गेले पाहिजेत, वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून तळं सुधारतंय की बिघडतंय ते कळतं, एवढं बोलून होईपर्यंत चहा गार होतो आणि गिऱ्हाईक येतं.

माणसांना सदस्य करून घेण्याचा हा खटाटोप काही आमच्या मंडळानं काढलेला नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्या आठांत सहा युरोपीय आणि दोन आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी, दुसरे वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. म्हणजे देशातल्या या सर्वांत जुन्या निसर्गसंस्थेच्या पहिल्या यादीतली चारांतली एक नोंद मराठी होती. हे प्रमाण पुढच्या कुठल्याही सदस्यनोंदणी मोहिमेत मला दिसलेलं नाही.

पहिले चिटणीस एडवर्ड एटकन हे मीठ आणि जकात खात्यातले अधिकारी. वसुलीची सवय असलेला माणूस चिटणीस नेमणाऱ्यांच्या दूरदृष्टीला मी नेहमी दाद देतो. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात झाल्या. मग लवकरच फिप्सन नावाच्या सदस्यानं फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दारूच्या दुकानातली एक खोली देऊ केली आणि सोसायटी तिथं गेली. सदस्यसंख्या पुढं वाढली त्याचं श्रेय निसर्गप्रेमाला द्यायचं की जागेला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आमच्या सभा एका शाळेच्या वर्गात, तिसरीच्या बाकांवर होतात. त्या बाकांत गुडघे अडकवून बसलेला माणूस पुढच्या वर्षीचं नूतनीकरण करील अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

सोसायटीच्या कचेरीत विल्यम नावाचा एक धनेश होता. 1894 ते 1920, सव्वीस वर्षं तो तिथं राहिला, आणि आज सोसायटीच्या बोधचिन्हावर आहे. एवढ्या काळात त्याच्याकडून कुणी वर्गणी घेतली नसणार. सलग सव्वीस वर्षं कार्यालयात हजर राहिलेला पदाधिकारी मात्र मला दुसरा ठाऊक नाही.

आता या सगळ्याचे मजले बघा. मुंबईला राष्ट्रीय संस्था. राज्यात महाराष्ट्र पक्षिमित्र, तिची दरवर्षीची संमेलनं. आणि जिल्ह्याजिल्ह्यात आमच्यासारखी मंडळं. तिन्हींची वर्गणी निराळी, पावती निराळी, आणि माणूस तोच. त्यामुळे एक सद्गृहस्थ आमचे दोनशे भरून मला मुंबईच्या 'हॉर्नबिल'चा अंक अजून का आला नाही म्हणून विचारतात. दुसरे मुंबईचे आजीव सदस्य आहेत. त्यांच्या मते वरच्या मजल्याचं भाडं भरलं की खालच्याचं आपोआप भरलं जातं. तिसरे संमेलनाला गेले, प्रवेशशुल्क भरलं, जेवले, पिशवी आणि बिल्ला घेऊन आले. तो बिल्ला दाखवून ते सांगतात की मी तर केव्हाचा सदस्य आहे. बिल्ल्यावर नाव त्यांचंच असतं, त्यामुळे वाद घालता येत नाही. आणि चौथ्या प्रकारचे लोक व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत. ग्रुपवर असणं म्हणजेच सदस्य असणं, ही त्यांची श्रद्धा. रोज सकाळी मोराचं चित्र टाकून ते ती व्यक्त करतात.

मोबाइलवरून पैसे भरायची सोय झाल्यापासून वसुली सोपी झाली, म्हणतात. पैसे येतात खरे. पण कुणाचे? खात्यात दोनशे रुपये जमा, पाठवणार श्री बालाजी किराणा. आमच्या यादीत बालाजी नाही आणि किराणाही नाही. फोनाफोनी केल्यावर कळतं की सदस्याच्या मोबाइलमध्ये ते अॅप चालत नव्हतं, म्हणून त्यानं शेजारच्या दुकानदाराला रोख दिले आणि त्याला पाठवायला सांगितले. कुणाचे मुलाच्या खात्यावरून, कुणाचे सुनेच्या. यादीत एकच माणूस एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजीत आणि एकदा नुसत्या आद्याक्षरांनी बसलेला सापडतो. तिघांपैकी एकाची वर्गणी थकलेली असते, आणि आठवणीचा निरोप नेमका त्यालाच जातो.

पण वसुलीतली खरी अडचण माणसांत नाही, पंचांगात आहे. आमचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, कारण हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं. आणि जालन्यात पक्षी बघायचे दिवस कुठले? ऑक्टोबर ते मार्च. चक्रवाक येतात, थापट्ये येतात, पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, नदीकाठी धोबी शेपट्या हलवत फिरतात. माळावर भोवत्या घिरट्या घालतो. डिसेंबरात दुधना नाहीतर गोदावरीच्या काठावर उभा असलेला माणूस इतका विरघळलेला असतो की त्याला आजीव सदस्यत्वाचा अर्जही पुढं करावा. पण त्याची वर्गणी तेव्हा देय नसते! ती देय होते एप्रिलमध्ये. पारा चाळिशीच्या वर, तळ्याला भेगा, पाहुणे निघून गेलेले, आणि लिंबाच्या सावलीत चोच उघडी टाकून बसलेली एक साळुंकी. अशा दुपारी मी फोन करतो, "साहेब, नूतनीकरणाचं बघा." पलीकडून आवाज येतो, "सध्या काय दिसायलंय की?" याला मी काय सांगू? टिटवी?

वर्ष ऑक्टोबरपासून धरावं, असा ठराव मी एकदा आणला होता. हिशेबनिसांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, आयकर खातं चक्रवाकांच्या येण्याजाण्यावर चालत नाही. ठराव दप्तरी दाखल झाला. त्याऐवजी आता पक्षी सप्ताहात थकबाकी मागायची असं ठरलंय. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा 2020 पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. दोन मोठ्या माणसांच्या जन्मदिवसांच्या मध्ये उभं राहून दोनशे रुपये मागायला थोडं ओशाळल्यासारखं होतं. पण सालिम अलींना ते समजलं असतं. जर्मनीहून शिकून आले तेव्हा पैशाअभावी त्यांची नोकरीच गेलेली होती. मग त्यांनी संस्थानांना सांगितलं, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या, पक्ष्यांची पाहणी मी फुकट करतो. 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली ती याच बोलीवर. जालना तेव्हा त्याच संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. आपल्या मुलखातल्या पाखरांची पहिली शास्त्रशुद्ध पाहणी बिनपगारी झाली, हे मी प्रत्येक सभेत सांगतो. सभासद टाळ्या वाजवतात. त्यातून ते निराळाच निष्कर्ष काढत असावेत, की ही कामं फुकटच व्हायची असतात.

कायदा मात्र कडक आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यात म्हटलंय की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, त्याला मत देता येत नाही आणि तो सदस्यांत मोजलाही जात नाही. हे कलम मी एकदा वार्षिक सभेत वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर वर्गात शांतता पसरली आणि लक्षात आलं की कलम लावलं तर अध्यक्षच उरत नाहीत. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच बाकांवर, त्याच माणसांची सभा पुन्हा सुरू झाली. या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही. मधल्या अर्ध्या तासात अध्यक्षांनी वर्गणी भरली आणि सर्वांना भजी दिली. भज्यांचा खर्च वर्गणीपेक्षा जास्त झाला.

विद्यार्थी सदस्य हे आमचं वैभव. त्यांना पिसावरून पक्षी ओळखता येतो, आवाजावरून येतो, कॅमेऱ्यातल्या धूसर ठिपक्यावरूनही येतो. बारावी जवळ आली की ते नीटच्या क्लासला लातूरला जातात, तिथून पुण्याला, आणि मग यादीत नुसता एक बंद मोबाइल नंबर उरतो. पक्ष्याच्या पायात कडं घालतात त्यावर क्रमांक असतो आणि मुंबईला कळवा अशी सूचना असते. हजारो किलोमीटरवर कुणाला सापडलं तरी पत्र येऊ शकतं. आमच्या पोरांच्या बाबतीत ती सोय नाही. आजीव सदस्यांची अडचण उलटी. त्यांनी फार पूर्वी एकदाच काही शे रुपये भरले, आता ते कुठं आहेत आणि आहेत की नाहीत, हे टपालानं परत आलेल्या अंकावरच्या शेऱ्यावरून कळतं.

सदस्य करून घ्यावा असा एक माणूस मला अंबड तालुक्यात भेटला. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभा, हातात गोफण. भोरड्या पोळ्याच्या मागंपुढं येतात, थव्यातल्या पोरसवदा पाखरांचा रंग निराळा असतो, सकाळी कुठल्या बाजूनं उतरतात आणि संध्याकाळी कुठल्या बाभळीवर बसतात, हे सगळं त्यानं गोफण फिरवता फिरवता सांगितलं. म्हटलं, "बापू, तुम्ही आमचे सदस्य व्हा. पैसे नकोत, मानद."

"सदस्य झालो तर माझ्या रानात पाखरं उतरायची नाहीत का?"

"तसं नाही."

"मग खाल्लेल्याची भरपाई?"

"तीही नाही."

"मग सर, ते राहू द्या." असं म्हणून त्यांनी आमच्या सबंध सहलीला हुरड्याला बसवलं. आगटी पेटवली, कणसं भाजली, लसणाची चटणी, गूळ, दही. निघताना एक गोणीभर कणसं गाडीत टाकली. पैसे घ्यायला तयार नाहीत. मी पावतीपुस्तक काढलं आणि वस्तुरूप देणगी म्हणून पावती फाडली, तर ती त्यांनी घडी करून टोपीत ठेवली.

मार्चअखेर हिशेबनिसांचं बोट त्या पावतीवर थांबलं. वस्तुरूप देणगी असेल तर वस्तू मंडळाच्या मालकीची झाली, म्हणाले. तिचं मूल्य किती, ती साठा नोंदवहीत कुठल्या पानावर आहे, आणि आज तपासायला मिळेल का?