खोली क्रमांक तीन

आमच्या शेजारच्या अण्णांची उभी नोकरी सरकारी क्वार्टर वाटण्यात गेली. दोन खोल्या कुणाला, एक कुणाला, बदली होऊनही जागा न सोडणारा कोण, सगळं तोंडपाठ. निवृत्त होऊन चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत आले, तर वाटायला काहीच नाही. मग त्यांनी तीन आठवडी बाजारांतून बारा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आणला.

"रात्री डालग्याखाली झाका. सासूबाईंनी जन्मभर तेच केलं," काकू म्हणाल्या.

"डालगं म्हणजे झोपडपट्टी," अण्णा म्हणाले आणि पडवीला लागून खुराडं बांधायला बसले. जुन्या दाराच्या फळ्या, मुंगसाच्या भीतीने बारीक जाळी, वर कौलं. बाहेरचं काम दोन दिवसांत आटोपलं. आतल्या वाटपाला दोन महिने लागले.

आधी हिशेब. दांडीवर दर डोई आठ इंच, तेरा डोयांना एकशेचार. अंडी घालायला चार कोंबड्यांमागे एक खोका, लांबी-रुंदी-उंची बारा बारा इंच. आकड्यांत अण्णांची चूक काढायची कुणाची टाप नाही. घोळ झाला तो पुढे.

दांडीसाठी त्यांनी मोरीच्या कामातून उरलेला पीव्हीसीचा पाइप बसवला. "धुवायला सोपा!" पहिल्याच संध्याकाळी एक कोंबडी त्यावरून घसरली, घसरताना शेजारणीवर आदळली, आणि क्षणात सगळी ओळ खाली शेणाच्या पाटीत. पाइप इतका गुळगुळीत, की बोटांना धरायला काही लागेचना. मग दोन इंच रुंद लाकडी रीप आली, कडा रंध्याने गोल केलेली. पाय सपाट टेकून, पोटाची पिसं वर पसरून कोंबडीला ऐसपैस बसता आलं पाहिजे. ही गोष्ट अण्णांनी मला तीनदा सांगितली, पाइप हा माझाच सल्ला असल्यासारखी.

रीप बसली, पण पायऱ्या-पायऱ्यांनी. सर्वांत जुनी कोंबडी सर्वांत वर, तिच्या खाली दुसऱ्या बाजारातली, शेवटच्या बाजारातल्या तळाशी. सेवाज्येष्ठता! अंधार पडला की तेराच्या तेरा जण वरच्या दांडीसाठी एकमेकांची पिसं उपटू लागले. कोण कुणाला टोचणार आणि कोण मुकाट टोचून घेणार, याची उतरंड कोंबड्या आपसांत ठरवतात, हे नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ सालीच लिहून ठेवलं आहे. अण्णांची यादी तिच्याशी जुळली नाही, एवढंच. शेवटी सगळ्या दांड्या एका उंचीवर आणाव्या लागल्या.

"म्हणजे साहेब आणि शिपाई एकाच श्रेणीत?" अण्णा दोन दिवस जेवले नाहीत नीट. कोंबड्या मात्र पहिल्यांदा शांत झोपल्या.

खोके त्यांनी मानाची जागा म्हणून दांडीपेक्षा उंच टांगले होते. कोंबडीला झोपायला सर्वांत उंच जागा लागते. त्या खोक्यांतच झोपू लागल्या. सकाळी पेंढा घाण, अंडी बरबटलेली. "कामाच्या जागी मुक्काम!" अण्णा गरजले. मग खोके दीड फुटावर उतरले, दांड्या तीन फुटांवर चढल्या. खोक्यांवर कुणी बैठक मारू नये म्हणून उतरतं छप्पर, पेंढा आणि अंडी बाहेर घरंगळू नयेत म्हणून तोंडाशी चार इंचांची पट्टी, आत काळोख राहावा म्हणून गोणपाटाचा पडदा. आणि लाल रंगात आकडे: १, २, ३.

बाराही जणी एक नंबरात जाऊ लागल्या. शेजारचे दोन मोकळे, तरी दाराशी रांग. कधी एकीच्या पाठीवर दुसरी. एकीने अंडं घातलं ती जागा बाकीच्यांना सुरक्षित वाटते, म्हणून अण्णांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची अंडी करून दोन आणि तीन नंबरात ठेवली. तीन नंबरातलं काकूंनी ऑम्लेटसाठी वाटीच्या काठावर आपटलं. वाटी चिनी मातीची होती.

दोन नंबराला हळूहळू गिऱ्हाईक लागलं. तेवढ्यात एक कोंबडी खुडूक होऊन एक नंबरात जी बसली, ती हलेना. अण्णांनी दिवसातून चारदा उचलून बाहेर ठेवली; ती चारदा परत आली आणि पाचव्यांदा त्यांच्या मनगटाला टोचली. "एवढा चिवट ताबा मी नोकरीत पाहिला नाही," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मी विचारलं, "अण्णा, तिच्याखाली अंडी का ठेवत नाही?"

"बाळंतपणाची रजा मंजूर करावी लागेल," अण्णा म्हणाले आणि वही आणायला आत गेले.

तीन नंबर अजून रिकामा आहे. पेंढा नवा आहे, उजेड बेताचा आहे, पडदा धुतलेला आहे. कुणाकडे होतकरू तलंग असेल तर अण्णांना सकाळी दहा ते पाच या वेळेत भेटावं. दुपारी दीड ते दोन जेवणाची सुट्टी.