सेम टु सेम

जुन्या सभागृहाला जोडइमारत बांधायची असं नुसतं कुणी म्हटलं की गावात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, जुन्यासारखंच हुबेहूब बांधा; जुनं कुठं संपलं हे ब्रह्मदेवालाही कळता कामा नये. दुसऱ्याचं म्हणणं, आता जमाना बदलला, काच लावा, स्टील लावा, पोरांना सेल्फी काढावासा वाटला पाहिजे. पाडून मोकळं करा म्हणणाराही एक तट असतो, पण तो मीटिंगला येत नाही. त्याची मीटिंग दुसरीकडे चालते.

आमच्या वाचनालयाचं सभागृह इंग्रजी अमदानीतलं. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातल्या जाड भिंती, सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढं गावोगावच्या शहाण्या माणसांना दुसऱ्याचं दोन तास ऐकून घ्यायची हौस लागली. त्या हौसेतून अशी सभागृहं उभी राहिली. बांधणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार केला, आवाजाचा केला, भिंतीवर कुणाकुणाच्या तसबिरी लागतील याचाही केला. बाकीच्या गोष्टींचा केला नाही, हे हळूहळू उघड होत गेलं.

जोडइमारतीसाठी पुण्याहून एक तरुण आर्किटेक्ट बाई आल्या. आम्ही त्यांना कौतुकानं कमानी दाखवल्या, रंगीत काचा दाखवल्या, अमुक थोर पुरुष ज्या खुर्चीवर बसले ती खुर्ची दाखवली. त्यांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "कार्यक्रमाला आलेल्या बायका जातात कुठं?"

कार्यकारिणीत बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी शिपायानं सांगितलं, "आमच्या घरी येतात, मागं." म्हणजे इतकी वर्षं स्त्रीमुक्तीवरची व्याख्यानंसुद्धा शिपायाच्या न्हाणीघराच्या जोरावर पार पडली होती.

मग ठेकेदार उत्साहानं म्हणाला, "साहेब, सेम टु सेम करून देतो." त्याच्या मोबाइलमध्ये फायबरचे खांब होते, दगडाचा रंग मारलेले. बाईंनी शांतपणे सांगितलं, की १९६४ साली व्हेनिसमध्ये जतनवाल्यांनी एक सनद केली. तिचा मथितार्थ असा, की नवं जुन्याशी जुळेल असं करावं, पण ते जुनं म्हणून खपवू नये. आप्पांना, म्हणजे आमच्या अध्यक्षांना, हे पटेना. मला मात्र लगेच पटलं. जोडइमारतीनं वरातीतल्या काकांसारखं असावं: कपडे चांगले, फेटाही हवा, पण घोड्यावर बसायचं नाही.

बाईंच्या आराखड्यात नव्या भागाचं छप्पर जुन्या वळचणीच्या खाली होतं आणि तो रस्त्यावरून पटकन दिसू नये असा मागं सरकवलेला होता. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावायचा नाही, कारण चुन्याची भिंत ओल घेते तशी बाहेरही टाकते. तिला सिमेंटनं कोंडलं की पोपडे धरतात. इथवर सगळे माना डोलावत होते. गाडी अडली ती फटीवर. नवी इमारत पहिली काही वर्षं थोडीफार खचते, जुनी केव्हाच खचून स्थिर झालेली असते. दोघींना घट्ट बांधलं तर तडा जातो, म्हणून मध्ये बोटभर फट सोडायची आणि ती वरून पत्र्यानं झाकायची. आप्पा म्हणाले, "पैसे देऊन फट कशाला? आमच्या भिंतींना फुकट पडतात."

अशा भांडणात आपण एकटे नाही, हा मोठा दिलासा असतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीला जोड द्यायची ठरली, तेव्हा १९८४ साली राजपुत्र चार्ल्सनी भर समारंभात त्या आराखड्याला लाडक्या मित्राच्या तोंडावरचं गळू ठरवलं. तो आराखडा गेला. मग सेन्सबरी बंधूंच्या देणगीतून रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राऊन यांनी नवा भाग बांधला; तो १९९१ साली उघडला. त्याच्या दालनात काही खांब असे होते, की ज्यांच्या डोक्यावर कसलाच भार नव्हता. देणगीदारांपैकी जॉन सेन्सबरींना ते मुळीच आवडले नव्हते. १९९० साली काम चालू असताना त्यांनी एक पत्र लिहून खांबाच्या पोटात ठेवून दिलं: हे खांब म्हणजे चूक आहे, आणि तुम्ही ते पाडताय याचा मला आनंद आहे. २०२३ साली खांब खरंच पाडले आणि पत्र निघालं. तेव्हा ते हयात नव्हते.

देणगीदार असावा तर असा, असं मला वाटतं. आमच्याकडचे देणगीदार आपलं मत कागदावर लिहून आत ठेवत नाहीत. संगमरवरावर कोरून बाहेर लावतात. व्यासपीठाला नाव द्यायला तिघे तयार होते. नव्या व्हरांड्याला दोन. लिफ्टच्या दारावर वडिलांचा फोटो लावावा, अशीही एक सूचना आली. पण दार उघडलं की वडील मधोमध दुभंगणार, हे लक्षात आल्यावर ती मागं घेण्यात आली.

ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या स्वच्छतागृहाला मात्र नाव द्यायला कुणी पुढं येईना. शेवटी शाळेतल्या निवृत्त बाई आल्या. पहिल्या रांगेत बसणाऱ्या, पण मध्यंतरात घरी जाणाऱ्या. उत्तरार्ध त्यांनी क्वचितच ऐकलेला. चेक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "पाटी तिथंच लावा, आणि अक्षर मोठं काढा. शोधावं लागता कामा नये."

आप्पांनी अदबीनं विचारलं, "बाई, सरांच्या स्मरणार्थ असं लिहायचं का?"

"त्यांच्या कशाला?" बाई म्हणाल्या. "त्यांची कधी अडचण झाली नाही."