गंधराज

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही दारं आणि डिकी उघडी टाकून गाडी उभी असेल आणि मागच्या सीटखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरू नये. अपघात झालेला नाही. आमचे गंधराज वासाच्या मागावर आहेत.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. इंजिनाचा आवाज बदललेला त्याला कळत नाही, टायरमधली हवा तो पंपावरच्या पोरानं सांगितल्यावर भरतो. पण काल पावसात कुणीतरी पायाशी ओली छत्री ठेवली होती, हे दार उघडताक्षणी ओळखतो. ते 'कुणीतरी' कोण, हेही ओळखतो.

गंधराजांचं पहिलं प्रेम म्हणजे नव्या गाडीचा वास. तो टिकावा म्हणून सीटांवरचं प्लास्टिक त्यांनी कित्येक महिने काढलं नाही. उन्हाळ्यात मागे बसलेला माणूस उतरताना सीटपासून सुटायचा आवाज आमच्या गॅलरीपर्यंत यायचा. तो वास म्हणजे प्लास्टिक, फोम आणि चिकटवायच्या द्रव्यांतून उडणारी रसायनं असतात, गाडी तापली की ती जास्त उडतात, तेव्हा काचा उघडून थोडी हवा खेळू द्यावी, असं एका जाणकारानं त्यांना सांगितलं. गंधराजांनी काचा उघडल्या नाहीत. जाणकाराला गाडीत घेणं बंद केलं.

पण तो वास जायचा तसा गेलाच, आणि मग अत्तरपर्व सुरू झालं. डॅशबोर्डवर मुकुटाच्या आकाराची बाटली, एसीच्या जाळीला लॅव्हेंडरची क्लिप, आरशाला लिंबाच्या वासाचं पुठ्ठ्याचं झाड आणि सीटखाली भीमसेनी कापराची पुरचुंडी. समोर गणपती होताच. दार उघडल्यावर चपला काढून आत बसावं की घरच्यांचं सांत्वन करावं, हे पाहुण्याला चटकन ठरवता येत नसे.

प्रवाशांसाठी नियम होते. वडापाव गाडीबाहेर उभं राहून खायचा आणि नंतर हात धुवायचे. सुकट, सोडे, बोंबील यांचं नाव गाडीत काढायचं नाही. पिकलेला फणस कोकणातल्या नातेवाइकांनी कितीही प्रेमानं दिला तरी तो एसटीनं येईल. गजरासुद्धा वर्ज्य, कारण त्यातलं एखादं फूल सीटच्या फटीत पडतं आणि तिथे कुजतं. वहिनी लग्नाला निघताना गजरा डब्यात घालून नेत आणि हॉलच्या दारात माळत.

या साम्राज्याचा अंत कुंभार्ली घाटात झाला. पुण्याहून गुहागरला निघाले होते, मागे मामी. मामींना गाडी लागते हे ठाऊक असल्यानं गंधराजांनी आवळा सुपारी, आलेपाक आणि पिशव्या असा बंदोबस्त केला होता. शिवाय मामींना प्रसन्न वाटावं म्हणून जास्मिनची एक नवी बाटलीही उघडली होती. आता, ज्याला गाडी लागते त्याचा उग्र वासानं जीव आणखीच कासावीस होतो, हे कोकणात जाणाऱ्या कुठल्याही एसटीचा कंडक्टर सांगेल. मामी पाटणपासून सांगत होत्या, "अरे, काच खाली कर, मला हा वास सोसत नाही." गंधराज म्हणाले, "मामी, धूळ येईल." तिसऱ्या वळणावर जे यायचं ते आलं. पिशवी मामींच्या हातात होती, पण आलेपाकानं भरलेली.

त्या रात्री गुहागरात सगळे आमरस खात असताना हे गृहस्थ अंगणात बॅटरीच्या उजेडात कार्पेटवर खाण्याचा सोडा पसरत होते. ते मात्र त्यांनी बरोबर केलं. आंबट वासावर सोड्याचा इलाज खरा. रात्रभर राहू द्यायचा आणि सकाळी ओढून काढायचा. परत आले ते बाटल्या टाकून, विज्ञानाची दीक्षा घेऊन.

आता ते अत्तर लावणाऱ्यांची कीव करतात. "वास झाकायचा नसतो, त्याचं मूळ काढायचं," असं लिफ्टमध्ये सांगतात. मूळ कुठे असतं? कूलिंग कॉइलवर. एसी चालू असताना तिच्यावर पाणी धरतं; गाडी बंद केली की ते अंधारात तसंच राहतं आणि त्यावर बुरशी वाढते. दुसऱ्या दिवशी एसी लावल्यावर पहिला जो कुबट झोत येतो, तो तिचाच. यावर उपाय सोपा आहे: मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करायचा आणि पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल सुकते. शंभर टक्के खरं आहे. फक्त गंधराज हे मे महिन्यात, सिग्नलच्या रांगेत, शालू नेसलेल्या बायकांना मागे बसवून करतात. काचा बंदच. गाडी मुक्कामाला कोरडी पोचते, माणसं ओली.

आणखी एक शास्त्रीय अडचण त्यांना कळली आहे. नाक एका वासाला काही मिनिटांत सरावतं, त्यामुळे स्वतःच्या गाडीचा वास स्वतःला येत नाही. म्हणून ते आता परकी नाकं गोळा करतात. दूधवाला, कुरियरवाला, शिकवणीला निघालेली पोरं, सगळ्यांना एकेकदा आत बसवून झालं आहे. वॉचमनला काय उत्तर दिल्यावर लवकर सुटका होते ते नेमकं कळलंय; तो बसायच्या आधीच "नाही साहेब" म्हणतो. मी एकदा प्रामाणिकपणे "किंचित येतोय" म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे डॅशबोर्डचा खण उतरवून एसीचा फिल्टर माझ्या हातात दिला. त्यात पिंपळाची दोन पानं आणि एक मेलेली माशी होती. ती कुठल्या महिन्यातली असावी यावर आमची चर्चा झाली. माझी भाजी आणायची राहिली.

परवा गाडी कॉइल धुवायला गॅरेजमध्ये होती, म्हणून दोघं रिक्षानं निघाले. वहिनींनी घरूनच गजरा माळला होता आणि मांडीवर बहिणीसाठी सुक्या बोंबलांची पिशवी होती. गंधराज सगळा रस्ता नाक वर करून बसले होते. उतरल्यावर पैसे देताना त्यांच्यानं राहवेना. "काय हो, आत कसलाच वास नाही. तुम्ही काय वापरता?"

रिक्षावाल्यानं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "काका," तो म्हणाला, "याला दारंच नाहीत."