एक गुडघा बरोबर दोन पाय

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम काय, असा खवचट प्रश्न आपल्याकडचे लोक विचारतात. बॉल हातात धरून पळायचं, हातानेच फेकायचा, हातानेच पकडायचा. मग पाय कशाला? वादासाठी! मैदानाला सहा फूट रुंदीची पांढरी किनार असते. बॉल पकडायला हवेत झेपावलेला गडी खाली येताना या किनारीच्या आत टेकला की बाहेर, यावर अमेरिकेत वकिलांच्या फीशिवाय वकिली चालते. टेनिसमध्ये रेषेला शिवलेला चेंडू आत धरतात. इथे रेषाच बाहेर. बुटाच्या कडेला चुना लागला की संपलं.

एनएफएलमध्ये, म्हणजे पगारी लोकांच्या खेळात, दोन्ही पाय आत टेकावे लागतात. कॉलेजच्या खेळात एक पुरतो. ही तरतूद मला फार पटली. शिकत असताना माणसाचा एक पाय हवेत असायला हरकत नाही. पगार सुरू झाला की दोन्ही जमिनीवर हवेत. पायांऐवजी गुडघा, कोपर किंवा बसायची जागा टेकली तरी चालतं, आणि एक गुडघा दोन पायांच्या बरोबरीचा धरतात. फक्त हाताचा पंजा टेकून भागत नाही. म्हणजे गुडघे टेकणाऱ्याला दुप्पट मान, हात टेकणाऱ्याला शून्य.

खरी मेख पुढे आहे. बुटांची टोकं आतल्या गवतावर घासत गडी बाहेर कोसळला, तर झेल मान्य. पण चवडा आत टेकला आणि त्याच ओघात टाच किनारीवर आली, तर अमान्य. 2009 च्या सुपर बोलमध्ये शेवटची 35 सेकंदं उरलेली असताना पिट्सबर्गच्या सँटोनियो होम्सने कोपऱ्यात, तीन बचावपटूंच्या गराड्यात, बॉल पकडला आणि दोन्ही पायांची बोटं कशीबशी आत टेकवली. पिट्सबर्ग 27-23 ने जिंकलं. ॲरिझोनाच्या चाहत्यांना त्यातला उजवा पाय टेकलेला अजून दिसायचा आहे.

2008 पर्यंत तर एक याहून सुरस नियम होता. हवेतल्या गड्याला कुणी बाहेर ढकललं, तर ‘ढकललं नसतं तर तो आत पडला असता का’ हे पंचाने ठरवायचं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, या तत्त्वावर अब्जावधी डॉलरचा खेळ चालत होता. त्या वर्षी तो नियम काढून टाकला. आता ढकललं तर ढकललं. पाय आत टेकले तेवढंच खरं.

माझा भाचा डॅलसजवळ राहतो. त्याच्याकडे राहायला गेलो की रविवारच्या दुपारी त्याच्या दिवाणखान्यात चार-पाच मराठी मंडळी डॅलस काउबॉईज या संघाची मॅच बघायला जमतात. यातल्या कुणाच्याही आधीच्या सात पिढ्यांनी टेक्सास पाहिलेलं नाही. पण काउबॉईजच्या डेझ ब्रायंटवर झालेला अन्याय प्रत्येकाला खानदानी वैरासारखा तोंडपाठ आहे. 11 जानेवारी 2015, ग्रीन बेचं मैदान, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड हवे होते. ब्रायंटने बचावपटूच्या डोक्यावरून बॉल काढला, पावलं टाकली, गोलरेषेकडे हात लांबवला आणि पडला. पडताना बॉल जमिनीला लागून उसळला. आधी झेल दिला, मग रीप्ले बघून काढून घेतला. डॅलस 26-21 ने हरलं.

“मामा, तूच सांग, हा झेल नाही?” भाच्याने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला.

“तेव्हाच्या नियमाप्रमाणे नाही. पडेपर्यंत बॉल हातात राहायला हवा होता.”

घरात शांतता पसरली. भाचेसुनेने पुन्हा पोह्यांचा आग्रह केला नाही, यावरून मी काय बोललो ते मला कळलं.

गंमत अशी, की त्या मॅचचे रेफरी होते जीन स्टेराटोर. हेच गृहस्थ डिसेंबर 2017 मध्ये डॅलसच्याच दुसऱ्या मॅचला होते. फर्स्ट डाउन झाला का, म्हणजे हवं तेवढं अंतर कापलं का, हे मोजायला साखळी आणली, तरी खात्री पटेना. तेव्हा त्यांनी खिशातलं एक कार्ड काढलं, घडी घातली, बॉल आणि खांबाच्या मधे सरकवून पाहिलं आणि निकाल डॅलसच्या बाजूने दिला. भाच्याच्या मते 2015 चे स्टेराटोर आंधळे होते आणि 2017 चे शास्त्रज्ञ. मधल्या काळात त्यांनी डोळ्यांचं काही करून घेतलं असावं.

त्याच डिसेंबरच्या रविवारी पिट्सबर्गच्या जेसी जेम्सचा टचडाउनही असाच काढून घेतला गेला. मग मार्च 2018 मध्ये ‘झेल म्हणजे काय’ याची व्याख्या बदलली: बॉलवर ताबा, दोन पाय आत, आणि त्यापुढे तिसरं पाऊल किंवा हात लांबवण्यासारखी एखादी हालचाल. लीगमधल्या 32 च्या 32 संघांनी बाजूने मत दिलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला झाकण बसवायचा ठराव तीन सभा तहकूब होऊन पुढे सरकला, म्हणून या एकमताचं मला अमाप कौतुक आहे. नव्या व्याख्येत ब्रायंटचा झेल बसतो, असंही नियम बदलणाऱ्यांनी सांगून टाकलं. डॅलसवाल्यांना न्याय मिळाला. मॅच तेवढी राहिली.

एकमताने वाद मिटेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी दिवाणखाना पाहिलेला नाही. पूर्वी एकाच प्रश्नावर भांडण होतं. आता ताबा कोणत्या क्षणी आला, दुसरा पाय त्याआधी टेकला की नंतर, आणि ‘हालचाल’ कशाला म्हणायचं, अशा तीन आघाड्या उघडल्या. त्यात रीप्लेची भर. साध्या वेगात सगळ्यांना झेल स्वच्छ दिसतो. वेग कमी केला की बॉल बोटांत जरासा थरथरतो, गवताचं एक पातं हलतं आणि ज्याची खात्री होती त्यालाच शंका येते. पंचाचा मूळ निकाल बदलायला पुरावा स्पष्ट हवा, असा नियम आहे. पण स्पष्ट कुणाला? हरणाऱ्याला तो नेहमीच स्पष्ट असतो. क्रिकेटनेही मैदानावरच्या पंचाचा ‘सॉफ्ट सिग्नल’ असाच वर्षानुवर्षं सांभाळला आणि 2023 मध्ये कंटाळून सोडून दिला.

“मामाला आपलं दुःख कळायचं नाही. त्याचा कुठला संघ आहे इथे?” भाचा मंडळींना म्हणाला.

ते खरंच होतं, आणि म्हणूनच त्या खोलीत निःपक्षपाती पंच मी एकटा होतो. बॉलवर ताबा, तोल, टाच, चवडा, सगळं मी थंड डोक्याने तपासत होतो. पंचाच्या जागी बसायला लागतं ते बाकी कुणाकडे नव्हतं, ते म्हणजे अनास्था. तेवढ्यात शेजारचा अमेरिकन गृहस्थ, ज्याला भाच्याने क्रिकेटची गोडी लावली आहे, तो पुढे सरसावला.

“ते 2024 च्या वर्ल्ड कप फायनलचं काय? बार्बाडोसला, शेवटच्या ओव्हरच्या पहिल्या बॉलवर तुमच्या सूर्यकुमारने मिलरचा झेल घेतला, तो. आत पकडला, वर उडवला, बाहेर गेला, परत येऊन पकडला. त्याचा बूट सीमेच्या गादीला लागला होता का? आणि ती गादी मूळ जागेवर होती का? चल, स्लो करून पाहू.”

मी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि सांगितलं, की असल्या गोष्टींचा पंचांनी निकाल दिल्यावर सभ्य माणसं चर्चा करत नाहीत. भाचेसुनेने माझ्या बशीत पोहे वाढले.