चि. वाघ्यास अनावृत पत्र

मुक्काम निर्णा, जिल्हा बीदर

चिरंजीव वाघ्या ऊर्फ टायगर ऊर्फ हुली यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र अनावृत आहे, कारण पाकिटात घालून दिलं असतं तर आपण आधी पाकीट खाल्लं असतं. हे पत्रही आपण वाचणार नाही, याची कल्पना आहे. पण अनावृत पत्राची रीतच अशी, की ज्याच्या नावाने लिहायचं त्याने वाचायचं नसतं. बाकीच्यांनी वाचून त्याच्याकडे रोखून बघायचं असतं.

पत्रास कारण की, गेल्या नऊ दिवसांत आपण अकरा पॅड फाडलेत. पॅड म्हणजे माझ्या मुलाने हैदराबादहून आणलेली, निळ्या पाठीची, उशीच्या अभ्र्यापेक्षा थोडी मोठी चौकोनी घडी. ती ओसरीत अंथरायची आणि आपण तिच्यावर लघवी करायची, असा बेत होता. आपण तिचे तुकडे करता, तुकड्यांवर लोळता आणि लघवी शेजारच्या कोरड्या फरशीवर करता. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आपण पाय पसरण्याआधीच अंथरूण संपवता.

तुकडे नेमके तीन करता, हेही मी पाहिलंय. हे मात्र या मातीतलंच असावं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली, तेव्हा आमच्या बीदर जिल्ह्याचेही तीनच तुकडे झाले होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात आणि उरलेलो आम्ही म्हैसूर राज्यात. ते काम करायला मोठमोठी माणसं बसली होती. आपण ते एकटे, दुधाच्या दातांनी, सकाळच्या चहाआधी उरकता.

आता ‘आपण’ पुरे. फरशी पुसून माझी कंबर धरली आहे आणि धरलेल्या कंबरेने आदर फार वेळ राखता येत नाही.

तर वाघ्या, आधी तुझी बाजू. हैदराबादेत तू नवव्या मजल्यावर होतास. लसी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, पार्व्होसारखा रोग जीव घेतो, हे खरंच आहे. शिवाय लिफ्ट खाली पोहोचेपर्यंत तुझा धीर टिकत नव्हता. तिथे पॅड ठीक होतं. मग मुलाला कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं आणि ‘चार दिवसांसाठी’ म्हणून तू इथे आलास. सोबत खाद्याची पिशवी, पन्नास पॅडचा गठ्ठा आणि सूचनांचा एक कागद. तो कागद तू पहिल्याच रात्री निकालात काढलास.

शेजारचे काका ओसरीत आले, पॅड पाहिलं आणि त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, ‘‘कूसु एल्लि?’’ लेकरू कुठंय? मी म्हटलं, लेकरू नाही, कुत्र्याच्या मुतण्याची सोय आहे. काकांनी एकदा पॅडकडे पाहिलं, एकदा दारातून दिसणाऱ्या तुरीच्या शेताकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा संपवला.

त्यांचंही चुकलं नाही. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत मोहिमेत आम्हाला सांगितलं गेलं, शौचाला बाहेर जाऊ नका, संडास घरात बांधा. भिंतींवर रंगवून सांगितलं. मोठ्या मुश्किलीने माणसं आत आली. आणि आता आमचीच मुलं कुत्र्यालाही आत आणताहेत, तेही विकतच्या कापडावर.

असो. आता आरोप.

आरोप पहिला : तू हे मुद्दाम करतोस. याचा तपास करावा म्हणून मी एक कोरं पॅड कात्रीने उघडलं. (आई म्हणाली, ‘‘आता दोघं झाले.’’) वर मऊ पापुद्रा, मध्ये कापसासारखा लगदा, त्यात साखरेसारखे बारीक दाणे. पाणी घातलं की हे दाणे फुगून थलथलीत होतात. लहान मुलांच्या डायपरमध्येही हेच असतात. खाली प्लास्टिक. शिवाय कुत्र्याला जागा कळावी म्हणून वास लावलेला. म्हणजे वासाने बोलवायचं, दाताखाली कुरकुरायचं, फाडलं की आतून कापूस उधळायचा आणि वर म्हणायचं, याच्याशी खेळू नको. त्यात आमची फरशी शहाबादी, शेजारच्याच कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेली. तू पॅडला पंजा लावलास की ते सरकतं. सरकतं ते पळतं आणि पळतं ते पकडायचं, एवढं तुझ्या आईने तुला शिकवलेलं आहे. असलं खेळणं आमच्या लहानपणी हुमनाबादच्या बाजारातही मिळालं नाही.

भरीला तुझे दात. साडेतीन महिन्यांच्या वयात दुधाचे अठ्ठावीस हलायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के बेचाळीस यायचे असतात. हिरड्या शिवशिवतात. माझी एक अक्कलदाढ आली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. तू बेचाळीस दातांसाठी अकरा पॅड घेतलेस. हिशेबाने स्वस्त आहेस. या आरोपातून मुक्त.

आरोप दुसरा : तू ऐकत नाहीस. मुलाने तुझं नाव ठेवलं टायगर. आईने त्याचं मराठी केलं, वाघ्या. शेजाऱ्यांनी कन्नड केलं, हुली. एकाच कुत्र्याला तीन भाषांतले वाघ केलं आणि तू एकाही हाकेला वळत नाहीस. आई ‘ये’ म्हणते, काका ‘बा’ म्हणतात, दूधवाला दखनीत ‘आ जा’ म्हणतो, जहीराबादची आमची सून फोनवरून ‘रा’ म्हणते आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर ‘कम’. सोडायला सांगताना कोणी ‘बिडु’ म्हणतं, कोणी ‘लीव्ह’. सरहद्दीवरच्या माणसाला हे सगळं कळायला शाळा-बाजार करत दहा वर्षं लागतात. तू महिनाभरात शिकावंस, ही आमची अपेक्षा. कुत्र्याला एका कामासाठी एकच शब्द लागतो आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा असतो. काल रात्री पंचायत बसली आणि ‘सोड’ या शब्दावर एकमत झालं. दूधवाल्याच्या तोंडून ‘छोड’ निघालं तरी कानाला फार फरक पडत नाही. याही आरोपातून मुक्त.

आरोप तिसरा : पॅड तोंडात धरून पळतोस. नामदेव महाराजांची कोरडी भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी कथा आहे. मी धावलो ते तुझ्या जबड्यातून प्लास्टिक ओढायला. पण मागून धावणाऱ्याच्या मनात काय आहे, हे पुढे पळणाऱ्याला कसं कळावं? तुला वाटलं, म्हातारा खेळायला आला. एरवी पेपरात डोकं घालून बसणारा माणूस पॅड उचललं की लगेच उठतो, ओसरीभर पळतो, ओरडतो; पॅडचा याहून चांगला उपयोग कोणता? तेव्हा पाठलाग बंद. यापुढे मी हातात चांगला घास घेऊन बसल्या जागी ‘सोड’ म्हणेन. तू सोडलंस की घास तुझा. थोडक्यात, तुपाची वाटी घेऊन येईन. संतांचं ऐकायला उशीर झाला, एवढंच.

खरं तर तुझ्यावर आरोप ठेवायलाच मी भितो. तुझी वरपर्यंत ओळख. कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूरला दत्तमहाराज; त्यांच्या पायाशी चार कुत्रे आणि जाणते त्यांना चार वेद मानतात. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभू, तेही दत्तावतार. भालकी तालुक्यात खानापूरला मैलार मल्लण्णा, म्हणजे आमचा खंडोबा, त्याच्या संगतीलाही कुत्रा. वरच्या न्यायालयात जावं, तर तिथे आधीच तुझी माणसं बसलेली.

आता थट्टा बाजूला. फाडणं मी सोसेन, गिळू नकोस. प्लास्टिकचा तुकडा किंवा लगद्याचा गोळा आतड्यात अडकला, तर पिल्लाच्या जिवावर बेततं. सारखी उलटी, खाण्याकडे पाठ, फुगलेलं पोट, शी बंद, अंग टाकून पडणं, यातलं काही दिसलं की जनावरांचा डॉक्टर त्याच दिवशी गाठायचा. उद्या बघू नाही. गावात लगेच कोणीतरी मिठाचं पाणी पाजायला धावेल. ते पाजायचं नाही. मिठाने दुसरंच दुखणं होतं. आणि झाल्या जागी नाक घासायचं नाही. नाक घासल्याने तुला जागा कळत नाही, माझी भीती तेवढी कळते. मग तू पलंगाखाली लपून मुतायला लागतोस.

म्हणून तहाची कलमं. पॅड मोकळं अंथरायचं नाही. वर जाळी असलेल्या ट्रेमध्ये, किनार दाबून ठेवायचं. भिजलं की लगेच उचलायचं. माझी नजर नसेल तेव्हा तू कुंपणात आणि तिथे पॅड नाही. दातांना ओल्या फडक्याची गाठ, फ्रीजमध्ये गार करून, माझ्या समोर. वीज गेली तर नुसतं गाजर. शिजवलेलं हाड नाही, ते चिरफळ्या होऊन घशात-पोटात टोचतं. झोपून उठलास, जेवलास, खेळलास, की त्याच मिनिटाला जागेवर न्यायचं आणि काम झालं की तिथल्या तिथे शाबासकी. पाच मिनिटांनी दिलेली शाबासकी तुला कशाची ते कळत नाही. पिल्लाच्या वयाचे महिने मोजावेत आणि त्यात एक मिळवावा. दिवसा फार तर तेवढे तास धीर, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे तुझे चार-साडेचार. शेवटची लस झाली, डॉक्टर हो म्हणाले, की परसातला कडुनिंबाखालचा कोपरा तुझा.

ही कलमं लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी पेन खाली ठेवलं. पॅडवर लक्ष ठेवायला माणूस लागतो आणि माणूस असेल तर पॅड फारसं लागत नाही. फाडलेल्या अकराही पॅडच्या वेळी मी कुठे होतो, ते आठवून पाहिलं. सात वेळा झोपलेलो, तीन वेळा फोनवर, एकदा शेजाऱ्यांकडे तुझीच तक्रार सांगत होतो.

सबब निकाल असा : आरोपी निर्दोष. शिक्षा फिर्यादीला. उरलेले पॅड ट्रेमध्ये, गरजेपुरते. रात्री दोनला एकदा आणि पहाटे साडेपाचला एकदा उठायचं, ते मी. चिरंजीवांनी दिवाळीला तुला न्यायला यावं, पण येताना नव्या गठ्ठ्याऐवजी दुपारी घरी कोण थांबणार, याचं उत्तर घेऊन यावं.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
फरशी पुसणारा