धुराड्यावरची रेषा

जहाजात माल किती भरायचा, याची खूण जहाजाच्या अंगावरच रंगवायची, असा कायदा ब्रिटिश संसदेनं १८७६ साली केला. त्यासाठी सॅम्युअल प्लिमसोल या खासदारानं सभागृह डोक्यावर घेतलं होतं. खूण सक्तीची झाली. फक्त ती कुठे काढायची, हे जहाजमालकानं ठरवायचं! कार्डिफच्या एका कप्तानानं म्हणे ती थेट धुराड्यावर काढली. म्हणजे धुराडं बुडेपर्यंत सगळं कायदेशीर. ही पळवाट बुजायला १८९० साल उजाडलं.

आपल्याकडे मात्र आकडा अगदी रीतसर ठरवून मिळतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचला परवाना होता ८४ प्रवाशांचा, माणसं होती शंभराच्या वर. तिला धडकली नौदलाची स्पीडबोट, त्यात गर्दीचा दोष नाही, कबूल. पण बुडताना प्रत्येकाला एक जॅकेट लागतं आणि जॅकेटं परवान्याकडे बघून ठेवतात, गर्दीकडे बघून नव्हे. माणसं गेल्यावर जॅकेटची सक्ती लगेच झाली.

लाँचच्या वरच्या मजल्याचं काय? तिथे वारा असतो, फोटो छान येतात, म्हणून दहा-वीस रुपये जादा देऊन लोक जिना चढतात. वजन जितकं वर, तितकी बोट कलंडायला सोपी. एवढी सोय दहा-वीस रुपयांत दुसरीकडे कुठे मिळते? शिवाय खाली बसणाऱ्याला ती फुकट.