ड्रॅगनशी अहो-जाहो

प्रत्येकानं एकेक पात्र होऊन, फासे टाकत खेळायचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळायला बसलं की आधी हातात एक कागद पडतो. त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. ताकद किती, चपळाई किती, तलवार कुठली, कमरेला सोन्याची नाणी किती, असा एका काल्पनिक वीराचा तो सातबाराच. त्याच्या एका कोपऱ्यात 'भाषा' असा छोटा रकाना असतो आणि तो भरायला अर्धं मिनिट पुरतं. कॉमन, एल्व्हिश, ड्रॅकॉनिक. झालं. सैतानांची भाषा हवी असेल, तर डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला विचारायचं आणि 'इन्फर्नल' असं लिहून मोकळं व्हायचं. दहावीला संस्कृतात भरघोस मार्क मिळवून पुढे आयुष्यभर 'रामः रामौ रामाः'च्या पलीकडे न गेलेल्या आमच्या पिढीला तो रकाना बघूनच भरून येतं.

नंतर शिकायची सोयही आहे. २०१४ सालच्या नियमपुस्तकात नव्या भाषेसाठी २५० दिवस आणि रोज एक सोन्याचं नाणं असा दर दिला आहे. फी वाजवी की जास्त, ते क्लासवाले ठरवतील. मला कुतूहल आहे ते २४९व्या संध्याकाळचं. त्या संध्याकाळी समोर गोब्लिन नावाचा राक्षस आला तर त्याचं अक्षरही तुम्हाला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी द्वैत-अद्वैतावर वाद घालता येतो. 'समजतं थोडं थोडं, बोलता येत नाही' हे वाक्य आपल्याकडे रेल्वेच्या प्रत्येक डब्यात ऐकू येतं; त्या कागदावर मात्र त्याला जागा नाही. अख्ख्या मायावी जगात ड्रॅगन आहेत, उडते गालिचे आहेत, मेलेली माणसं उठून चालतात. नाही ती फक्त अर्धवट येणारी भाषा.

मुळात या खेळाच्या जनकांनी भाषेचा विचार केला नव्हता असं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला, तेव्हाच भाषांचं गणित घालून दिलं होतं. बुद्धिमत्तेचा आकडा दहाच्या वर जितका, तितक्या जादा भाषा. बुद्धिमत्ता १५ असेल तर एकूण सात: सगळ्या माणसांची कॉमन, एक आपल्या पक्षाची आणि पाच प्राण्या-राक्षसांच्या. बोलता येणाऱ्या राक्षसांपैकी २० टक्क्यांना कॉमनही येते, हेही तिथे लिहून ठेवलं आहे. म्हणजे पाचातल्या एकाशी बोलून बघा, उरलेल्या चारांसाठी तलवार आहेच.

त्यातली ती 'पक्षाची भाषा' हा खास मासला. सुव्यवस्था मानणाऱ्यांची एक भाषा, अनागोंदीवाल्यांची दुसरी, तटस्थांची तिसरी. कुठेही जन्मा, कुठल्याही जातीचे असा, विचार जुळले की भाषा आपोआप येते. विरोधी पक्षाची भाषा समजत नसली, तरी ती विरोधकांची आहे एवढं कानावर पडताच ओळखू येतं, आणि ऐकणारा थेट हल्ला करतो. पुढे १९७८ सालच्या पुस्तकात आणखी एक कलम आलं: पक्ष बदलला की जुन्या पक्षाची भाषा बोलता येईनाशी होते. परदेशी खेळाडूंनी या नियमाची वर्षानुवर्षं टिंगल केली. कालची भाषणं रातोरात कशी विसरली जातात हे डोळ्यांनी पाहिलेल्या मराठी माणसाला मात्र त्यात काल्पनिक असं काही सापडणार नाही.

चोरांची सांकेतिक बोलीही या खेळात आहे. चारचौघांत साधं बोलल्यासारखं करत आत गुपित सरकवायचं. २०१४च्या नियमांत तिला एक अट घातली: सरळ सांगायला जितका वेळ लागेल, त्याच्या चौपट वेळ या बोलीत लागतो. पहारेकरी येतोय एवढं सांगेपर्यंत पहारेकरी येऊन, चौकशी करून, चहा पिऊन परत गेलेला असणार. वनात राहणाऱ्या ड्रुइड पंथीयांची गुप्त भाषाही आहे, पंथाबाहेर ती शिकवायची नाही. महानुभावांची सकळ लिपी आणि बाजारातल्या दलालांची नंदभाषा आपल्या इतिहासात असताना याचं फार अप्रूप वाटायला नको. पंथ असो की पेढी, चार शब्द बाहेरच्यांपासून झाकून ठेवल्याशिवाय आतल्यांना आत असल्यासारखं वाटत नाही.

आणि ज्याला काहीच शिकायचं नाही त्याच्यासाठी मंत्र आहे. अगदी पहिल्या पायरीचा, नवशिक्या जादूगारालाही जमणारा. म्हटला की तासभर कुठलीही भाषा ऐकून समजते. मात्र बारीक अक्षरात लिहिलंय की समजतो तो शब्दशः अर्थ. हा मंत्र टाकून एखाद्या जादूगाराला आमच्याकडच्या लग्नघरात उभा करावा असं मला फार वाटतं. 'वा, फारच लवकर आलात हो!' हे तासभर उशिरा पोचलेल्या व्याह्यांचं स्वागत ऐकून तो वहीत लिहून घेईल, की पाहुणे वेळेआधी आले आणि यजमानांना आनंद झाला.

भाषेला इतकी झटपट वाट करून देण्यामागे आळस नाही. त्याला टेबलाभोवतीच्या माणसांचं कारण आहे. पाच जण खेळताहेत आणि एल्व्हिश एकालाच येते, असं धरा. ती बोलणाऱ्या एल्फ जमातीचा राजा बोलू लागला की डीएम त्या एकाच्या कानाशी लागते, उरलेले चौघं फोन काढतात आणि पंधरा मिनिटांत कोणी तरी पिझ्झा मागवतो. म्हणून कॉमन. टोल्किनच्या जगातही एक सामायिक बोली आहे. पण ते ऑक्सफर्डचे भाषापंडित, त्यांनी भाषा आधी घडवल्या आणि त्या बोलायला कोणी तरी हवं म्हणून पुढचं जग, असं ते स्वतःच सांगत. खेळाने त्यांच्याकडून एल्फ उचलले, बुटके उचलले आणि भाषांचा तेवढा एक रकाना केला. रविवारच्या चार तासांत क्रियापदं कोण चालवणार?

तरीही काहींनी ती चालवली. 'गर्प्स' नावाच्या खेळात प्रत्येक भाषेच्या तीन पायऱ्या आहेत: मोडकी, परकी ढब असलेली आणि अस्सल. बोलण्याचे गुण वेगळे, लिहिण्या-वाचण्याचे वेगळे. आजीशी फोनवर झकास मराठी बोलणारा आणि तिचं पत्र मात्र आईकडून वाचून घेणारा न्यू जर्सीतला नातू या कागदावर नीट बसतो. 'कॉल ऑफ क्थुल्हू' या भयकथांच्या खेळात तर मातृभाषेलाही टक्के आहेत आणि ते तुमच्या शिक्षणावरून ठरतात. म्हणजे फासा वाईट पडला तर स्वतःच्याच भाषेत नापास. सरकारी परिपत्रक वाचताना हा फासा मी पुष्कळदा टाकला आहे.

मला सगळ्यात आवडली ती २००१ सालच्या 'फायनल फँटसी टेन' या व्हिडिओ गेममधली युक्ती. तिथल्या अल भेद लोकांची भाषा इंग्रजी आवृत्तीत म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. स्वराच्या जागी बहुतेक स्वरच येत असल्यानं ती बोलताही येते. आपल्या 'च'च्या भाषेत कमलचं 'चमलक' होतं, त्याच गावची ही मंडळी. खेळभर २६ पुस्तिका विखुरलेल्या असतात आणि एकेक सापडली की एकेक अक्षर उलगडतं. नऊ-दहा अक्षरं हाताशी आली की पडद्यावरच्या वाक्याचा निम्मा भाग दिसतो, निम्मा झाकलेला राहतो, आणि समोरचा जेवायला बोलावतोय की जीव घ्यायला, याचा अंदाज करत बसावं लागतं. सगळी अक्षरं गोळा झाल्यावर भाषा पूर्ण कळते, आणि खरं सांगायचं तर तिच्यातली गंमत तिथेच संपते.

या सगळ्यांचे आजोबा म्हणावेत असे एम. ए. आर. बार्कर. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाच्या अभ्यासाचे प्राध्यापक, उर्दूच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे कर्ते. १९७५ साली त्यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ आला. त्यांच्या टेकुमेल या जगात खेळाडू छोट्या होडीतून जकाल्ला बंदरावर उतरतो तो परदेशी म्हणून. त्याची रवानगी परदेशी लोकांच्या वस्तीत. तिथल्या त्सोल्यानी भाषेत समोरच्याच्या दर्जाप्रमाणे 'तू'साठी निरनिराळी सर्वनामं आहेत, आणि तीही ढीगभर. तिथे मानापमान जिवावर बेततो. ज्यांच्या भाषेत दगडालाही 'यू' आणि राणीलाही 'यू', त्या खेळाडूंना हे विलक्षण वाटलं. बार्करांनी मात्र 'तू', 'तुम', 'आप'च्या पायऱ्या वर्षानुवर्षं शिकवल्या होत्या.

याच बार्करांनी १९९१ साली टोपणनावानं नाझी विचारांची एक कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनंच जाहीर केलं. इतक्या भाषांत, इतक्या माणसांत वावरून हे. कॅरेक्टर शीटवर बुद्धिमत्ता आणि शहाणपण हे दोन वेगळे आकडे असतात, आणि १९७४च्या नियमाप्रमाणे भाषांची संख्या बुद्धिमत्तेवरून ठरते. शहाणपणाचा तिथे उल्लेख नाही. नियम बरोबरच होता म्हणायचा.

आमच्या घरी हा खेळ भाची चालवते. खेळाची पुस्तकं इंग्रजीत, बोलणं मराठीत. त्यामुळे गायगॅक्स-आर्नेसनना कधी न पडलेला पेच आमच्यापुढे पहिल्याच ड्रॅगनपाशी उभा राहिला. आमचा योद्धा पुढे होऊन म्हणाला, "ए, बाजूला हो." भाचीनं विचारलं, "ड्रॅगनला अरे-तुरे? हजार वर्षांचा आहे तो." मग योद्धा म्हणाला, "अहो, जरा बाजूला होता का?" त्यावर सगळे हसले आणि लढाईची हवाच गेली. पुस्तकात याला नियम नाही, कारण पुस्तकाच्या भाषेत हा प्रश्नच नाही. मराठीत मात्र पहिलं वाक्य उच्चारायच्या आधीच तुम्ही शरण गेलात की अंगावर गेलात, हे ठरून जातं.

मग तर फाटेच फुटले. एल्फ सातशेच्या वर वर्षं जगतात आणि शंभराच्या आसपास वयात येतात. मग नुकत्याच वयात आलेल्या शंभर वर्षांच्या एल्फला चाळिशीच्या माणसानं दादा म्हणायचं की बाळ? आमचा पुजारी तर आपल्या देवाला खुशाल 'तू' म्हणतो आणि पुलावर टोल घेणाऱ्या शिपायाला 'साहेब, आपण'. परदेशी माणसाला हे उलटं वाटेल. आपल्याला त्यात काही वावगं दिसत नाही. देवाकडून पावती घ्यायची नसते.

बोलींचा तंटा याहून मोठा. इंग्रजीत बुटके बहुधा स्कॉटिश ढबीत बोलतात, ते पाहून भाचीनंही प्रत्येक जमातीला एकेक बोली वाटून दिली. तिसऱ्या गोब्लिननंतर नागपूरच्या खेळाडूनं फासे खाली ठेवले. "गोब्लिन आला का आमचीच बोली काहून वं?" मालवणचा लगेच म्हणाला, "आणि भूत इला की मालवणी!" तक्रार रास्त होती. कुणाची बोली राजाला आणि कुणाची चोराला, हे ठरवणारे मायावी जगात जाऊनही बदलत नाहीत. पुढच्या खेळात एल्फांची राणी ठसठशीत वऱ्हाडीत बोलली आणि गोब्लिनांचा म्होरक्या शुद्ध, प्रमाण, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी असलेल्या मराठीत. "आपण आत आलात, हरकत नाही. परंतु येण्याची ही वेळ नव्हे." इतका भीतिदायक गोब्लिन आम्ही त्याआधी पाहिला नव्हता.

हे सगळं बघून मी भाचीला एक नियम सुचवला आहे. भाषेचा फासा चुकला तर 'कळलं नाही' असं सांगायचंच नाही. काही तरी भलतंच कळलं, असं धरायचं. ते काय, ते डीएमनं सांगायचं आणि त्यावर भरवसा ठेवून खेळाडूनं पुढे वागायचं. राजानं मुलीच्या लग्नाला बोलावलं आणि आपण युद्धाला बोलावलं असं समजून चिलखत घालून गेलो, तर पुढची गोष्ट कुणाला रचावी लागणार नाही. न कळण्यानं खेळ अडतो. चुकीचं कळण्यानं तो धावतो, आणि आजवर जगात जी लग्नं, भांडणं, तह आणि नाटकं झाली त्यांतली बरीचशी याच इंधनावर झाली असावीत.

भाचीनं नियम नीट ऐकून घेतला. ती म्हणाली, "पण मामा, सगळे असे बोलतच बसले तर लढाई कधी सुरू होणार?"

"तिसऱ्या वाक्याला," मी म्हणालो.